फाईल म्हणजे नुसता कागद नव्हे

(स्नेहमेळाव्यातल्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं सावरून लिहिलं आहे.)



आपापल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोला, पण कुणाला झोप येणार नाही असं बोला, असं समितीने सगळ्यांना सांगितलं होतं. भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी झाल्यानंतरचं सत्र मला दिलं, यावरून समितीचा माझ्यावर फार विश्वास असावा किंवा जुना राग तरी असावा. चाळीसगावात भाषण म्हटलं की पाटणादेवी आणि भास्कराचार्यांपासून सुरुवात करायची आपल्याकडे रीत आहे. आज मी त्यांना विश्रांती देते.

सकाळी चहाच्या वेळी तीन-चार जणांनी विचारलं, "भो, तू नेमकं करते काय?" तर सांगते. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनीयर. कारखान्यातली यंत्रं चालवणारा एक छोटा, मजबूत संगणक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. बॉयलरमध्ये पाणी कधी घ्यायचं, पंप कधी बंद करायचा, कन्व्हेयर कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. ऑपरेटरच्या समोर जो पडदा असतो, ज्यावर टाकीची चित्रं आणि आकडे दिसतात, त्याला एचएमआय म्हणतात. मोठ्या प्रमाणावर असेल तर स्काडा. या दोन्हींसाठी लागणारा प्रोग्राम इंजिनीयर आपल्या लॅपटॉपवर तयार करतो आणि केबल लावून यंत्रात उतरवतो. लॅपटॉपवर तो ज्या रूपात जपून ठेवलेला असतो, ती प्रोजेक्ट फाईल. गेली तीस वर्षं मी या फायली लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासते. आज फक्त या फाईलबद्दल बोलणार आहे.

आपल्यापैकी किती जणांच्या पेनड्राईव्हला 'शॉर्टकट व्हायरस' झाला होता? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. लग्नाचे फोटो टाकायला स्टुडिओत पेनड्राईव्ह दिला, परत आणून लावला, तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. त्यावर क्लिक केलं की तो आपल्या संगणकात शिरायचा. त्या व्हायरसला निदान तुमच्या क्लिकची गरज होती. २०१० च्या जून महिन्यात बेलारूसमधल्या व्हायरस-ब्लोक-अदा नावाच्या एका छोट्या अँटीव्हायरस कंपनीला असा एक किडा सापडला, की ज्याला क्लिकचीही गरज नव्हती. पेनड्राईव्ह लावायचा, आत काय आहे ते नुसतं बघायचं, झालं.

ते कसं व्हायचं हे समजून घेण्यासारखं आहे. शॉर्टकट ही एक छोटीशी फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी एलएनके असतं. तिचं चित्र, म्हणजे आयकॉन, कुठून आणायचं हे त्या फाईलमध्येच लिहिलेलं असतं. विंडोज बिचारं आज्ञाधारक. फोल्डर उघडला की प्रत्येक शॉर्टकटचं चित्र आणायला ते धावतं. काही प्रकारच्या शॉर्टकटसाठी ते चित्र दुसऱ्या एका प्रोग्रामच्या पोटातून काढावं लागतं, आणि त्यासाठी तो प्रोग्राम मेमरीत चढवावा लागतो. चढवला की तो चालतो. म्हणजे चित्र दाखवण्याच्या निमित्ताने विंडोज स्वतःच्या हाताने परका प्रोग्राम चालवत होतं. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० ला याची दुरुस्ती दिली. गंमत पुढे आहे. ती दुरुस्ती अपुरी असल्याचं नंतर एका जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं आणि मार्च २०१५ मध्ये त्याच छिद्राला दुसरं ठिगळ लावावं लागलं. मधली साडेचार वर्षं जगभरचे लोक आपण सुरक्षित आहोत असं समजून निवांत होते.

हा किडा म्हणजे स्टक्सनेट. नाव पुष्कळांनी ऐकलं असेल, इराणच्या नतांझ इथल्या युरेनियम प्रकल्पाच्या संदर्भात. पण सिमँटेक कंपनीने तेव्हा लागण झालेल्या संगणकांची मोजदाद केली, त्यात पहिला इराण, दुसरा इंडोनेशिया आणि तिसरा भारत होता. हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. आपल्यावर त्याचा डोळा नव्हता. तो आपल्याकडे पेनड्राईव्ह आणि नेटवर्कमधून आपोआप पसरला, आणि हवा तो पीएलसी सापडला नाही म्हणून गप्प बसला. त्याला हवी होती सीमेन्सची ठरावीक पीएलसी आणि तिला जोडलेले ठरावीक ड्राइव्ह. ड्राइव्ह म्हणजे आपण कारखान्यात ज्याला व्हीएफडी म्हणतो, मोटरचा वेग कमी-जास्त करणारं खोकं. ते ८०७ ते १२१० हर्ट्झच्या दरम्यान चालणारे असले तरच तो जागा व्हायचा. मग वेग १४१० पर्यंत न्यायचा, काही काळाने एकदम २ वर आणायचा, परत १०६४ वर सोडायचा. असं अधूनमधून. यंत्रं झिजायची, तुटायची, आणि माणसं डोकं खाजवत बसायची की माल खराब आहे की फिटर.

तुम्ही म्हणाल, पडद्यावर दिसलं नाही का? नाही दिसलं. इंजिनीयरने पीएलसीमधला प्रोग्राम वाचून बघितला तर किडा त्याला मूळचा, स्वच्छ प्रोग्राम दाखवायचा. त्याच्या दुसऱ्या एका भागाचं लक्ष्य होतं झडपा आणि दाब. राल्फ लांग्नर या जर्मन तज्ज्ञाने त्याचा कसून अभ्यास केला. घाला घालण्याआधी तो भाग सेन्सरच्या आकड्यांची २१ सेकंदांची नोंद करून ठेवायचा आणि घाला चालू असताना तीच नोंद पुन्हा पुन्हा दाखवायचा. बँकेतल्या कॅमेऱ्याला कालची चित्रफीत दाखवण्याचा प्रकार सिनेमात असतो, तसंच.

पण माझ्यासारख्यांची झोप उडवणारी गोष्ट २०१४ मध्ये बाहेर आली. कॅस्परस्की कंपनीने स्टक्सनेटच्या सापडलेल्या प्रतींचा माग काढत काढत सुरुवातीला लागण झालेल्या पाच जागा शोधल्या. नतांझ त्यात नव्हतं. त्या पाचही इराणमधल्या कंपन्या होत्या, कारखान्यांची नियंत्रणयंत्रणा बसवणाऱ्या किंवा त्या क्षेत्राशी निगडित कामं करणाऱ्या. ज्यांचे इंजिनीयर लॅपटॉप खांद्याला लावून या गेटमधून त्या गेटमध्ये जातात, अशा.

आता हे चित्र आपल्याकडे आणा. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, इकडे घाट उतरून येणारी संभाजीनगरची मुलं. डिप्लोमा झालेला मुलगा दुचाकीवर सॅक घेऊन सकाळी एका डाळमिलमध्ये, दुपारी पाइपच्या कारखान्यात, रात्री जिनिंगमध्ये. सॅकमध्ये एकच लॅपटॉप, एकच पेनड्राईव्ह, त्यात वीस कारखान्यांच्या प्रोजेक्ट फायली. ही मुलं हुशार आहेत. रात्री दोन वाजता फोन केला तरी येतात, त्यांच्यावरच आपले उद्योग चालतात. त्यांना नावं ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. किडा कुणाच्या सॅकमध्ये बसून प्रवास करतो, एवढंच सांगते आहे.

स्टक्सनेटने पेनड्राईव्हखेरीज आणखी एक वाट वापरली होती आणि ती माझ्या विषयाच्या गाभ्यातली आहे. सीमेन्सच्या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरचं नाव स्टेप-७. त्यात प्रोजेक्ट म्हणजे एक अख्खा फोल्डर असतो. प्रोजेक्ट उघडताना सॉफ्टवेअरला काही मदतनीस फायली लागतात, त्यांना डीएलएल म्हणतात. त्या कुठे आहेत हे शोधताना ते प्रोजेक्टच्या फोल्डरातही डोकावायचं आणि त्या नावाची फाईल तिथे दिसली तर तीच उचलायचं. किड्याने तिथे आपली फाईल त्या नावाने ठेवून दिली. आता तो प्रोजेक्ट झिप करून मित्राला पाठवा, सीडीवर द्या, काहीही करा. जो उघडेल त्याच्याकडे किडा पोचला. सीमेन्सने नंतरच्या आवृत्तीत हे बंद केलं आणि २०१२ मध्ये त्याबद्दलची सूचना प्रसिद्ध झाली.

हे ऐकून आपल्या मागच्या बाकावरच्या मंडळींना वाटेल की हा हेरगिरीचा, मोठ्या देशांचा मामला आहे, आपला काय संबंध. म्हणून आता साधी गोष्ट सांगते. फाईल 'उघडणं' म्हणजे काय?

सर वर्गावर हजेरीपट घेऊन यायचे, आठवतो? प्रत्येकाच्या नावासाठी एक ओळ, ओळीत ठरावीक जागा, शेजारी शेऱ्याचा रकाना. समजा कुणी नाव म्हणून एवढं लांबलचक काही लिहिलं की ते नावाच्या रकान्यातून बाहेर पडून शेऱ्याच्या रकान्यात गेलं आणि तिथे 'या विद्यार्थ्याला घरी सोडावे, मुख्याध्यापक' असं दिसायला लागलं. वाचणारे सर नवे असतील तर ते सोडतील. त्यांच्या दृष्टीने तो मुख्याध्यापकांचाच हुकूम. संगणकात हुबेहूब असंच होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने टॅगच्या नावासाठी, समजा, वीस अक्षरांची जागा ठेवली. फाईलमध्ये पाच हजार अक्षरं आली. त्याने मोजून घेतली नाहीत. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडली. आणि त्या शेजारच्या जागेत 'यापुढे कुठे जायचं' हा पत्ता लिहिलेला असतो. सांडलेल्या अक्षरांत दुष्टाने आपला पत्ता घातलेला असला की संगणक त्याच्या घरी जातो.

मोजून का घेतली नाहीत? कारण ही सॉफ्टवेअर बहुतेक जुन्या काळात लिहिलेली. लिहिणाऱ्याने धरून चाललेलं असतं, की ही फाईल आपल्याच सॉफ्टवेअरने लिहिलेली आहे आणि आपणच वाचतोय. घरच्या माणसाची पिशवी कोण तपासतं? पण फाईल घराबाहेर पडली, चार हातांतून फिरली आणि परत आली, तरी तिला घरचीच समजायचं का?

अशा त्रुटी एक-दोन नाहीत. जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या निघालेल्या आहेत, आणि अमेरिकेची सिसा ही संस्था त्यांच्या सूचना सतत काढत असते. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालंय, 'खास बनवलेली प्रोजेक्ट फाईल उघडल्यास हल्लेखोराला संगणकावर हवा तो कोड चालवता येईल.' कंपनीचं नाव बदलतं, वाक्य तेच. डेल्टाच्या पडद्यांसाठीचं डॉपसॉफ्ट हे सॉफ्टवेअर आपल्या भागात भरपूर चालतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत फाईल वाचताना अशाच चुका होत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, आणि कंपनीचं म्हणणं असं, की हे उत्पादन आता बंद झालंय, दुरुस्ती येणार नाही, नवं सॉफ्टवेअर वापरा. कंपनीच्या बाजूने ते बरोबर असेल. पण ज्याच्या दहा वर्षं जुन्या मशीनवर जुनाच पडदा आहे, तो काय करणार? त्याला कुणी सांगितलंही नसतं.

झिपच्या फायलींचा प्रकार आणखी मजेदार आहे. झिप म्हणजे गाठोडं. गाठोड्यातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असते, ही अमुक नावाने ठेवा. चिठ्ठीवर नावाऐवजी 'इथून दोन खोल्या मागे जा, डावीकडच्या कपाटात ठेव' असं लिहिलं तर? सोडणारा प्रोग्राम भोळा असला तर तो खरंच तिथे नेऊन ठेवतो. विनरार आपण सगळ्यांनी वापरलंय, चाळीस दिवसांचं फुकट म्हणून वीस वर्षं. त्यात असं एक छिद्र तब्बल १९ वर्षं होतं. एस नावाच्या जुन्या पद्धतीची गाठोडी सोडणारा भाग कुणीतरी कधीतरी लिहिलेला, तो तसाच आत पडून होता. २०१९ च्या फेब्रुवारीत चेक पॉइंटच्या लोकांनी दाखवून दिलं, की गाठोडं सोडलं की एक वस्तू गुपचूप विंडोजच्या 'स्टार्टअप' फोल्डरात जाऊन बसते आणि संगणक पुढच्या वेळी सुरू झाला की आपोआप चालते. विनरारने तो भाग काढूनच टाकला. संपलं असं वाटलं, तर २०२५ च्या जुलैत त्याच जातीचं दुसरं छिद्र सापडलं. ईसेट कंपनीच्या लोकांनी ते पकडलं तेव्हा त्याचा वापर आधीच सुरू होता. नोकरीचा अर्ज म्हणून फाईल पाठवायची, आणि ज्यांना पाठवली त्यांत कारखानदारीतल्या कंपन्याही होत्या. दुरुस्त आवृत्ती ७.१३. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर आपलं कितवं आहे ते बघा.

आता हल्लेखोर, हेर सगळे बाजूला ठेवू. कुणीही वाईट हेतूचा नसताना फाईल काय करू शकते, ते मी आपल्याच खानदेशात पाहिलंय. कारखान्याचं नाव, गाव सांगणार नाही. चार-पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात वीज पडून त्यांच्या स्टीम लाइनचा पडदा जळाला. नवा पडदा आणला. आत टाकायची प्रोजेक्ट फाईल? कारखान्याकडे नव्हती. ज्याने मूळ काम केलं तो दुबईला. त्याच्या जुन्या हेल्परकडे पेनड्राईव्ह मिळाला. त्यात तीन फोल्डर, 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'फायनल न्यू २'. हसू नका, तुमच्याकडेही हेच असणार. त्याने तिसरा टाकला. पडदा सुरू झाला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, उत्पादन चालू.

मधल्या काळात दाब मोजणारा ट्रान्समीटर बदललेला होता. जुना ० ते १० बारचा, नवा ० ते १६ चा. हे त्या फाईलला माहीत नव्हतं. ट्रान्समीटर दाब सांगतो तो विजेच्या प्रवाहात, ४ ते २० मिलीअँपिअर. लाइनमध्ये खरा दाब ८ बार झाला तेव्हा नव्या ट्रान्समीटरने पाठवले १२ मिलीअँपिअर. जुन्या फाईलने ते जुन्या हिशेबाने वाचले आणि पडद्यावर दाखवले ५. अलार्मही त्याच हिशेबाने, त्यामुळे तोही गप्प.

तिथे एक जुने ऑपरेटर होते, निवृत्तीला आलेले. त्यांना सवय अशी, की पडद्यापेक्षा लाइनवरच्या काट्याच्या गेजकडे आधी बघायचं. काटा ८ वर, पडदा ५ वर. त्यांनी कुणालाही न विचारता हाताने व्हॉल्व्ह कमी केला, शेजारी काम करणाऱ्या दोन पोरांना बाहेर काढलं आणि मग फोन केला. पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, कंत्राटावरची. सेफ्टी व्हॉल्व्ह होता, तो उडाला असता, असं मॅनेजर नंतर मला म्हणाले. असेल. पण तो व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला, याची तारीख मात्र त्यांना सांगता आली नाही.

त्या दिवसापासून मी प्रशिक्षण देताना फाईलला कागद म्हणत नाही. ऑफिसातली फाईल चुकीची असली तर पत्र चुकीचं जातं, परत लिहिता येतं. कारखान्यातली फाईल हा हुकूम असतो, आणि ज्याच्यावर तो बजावला जातो त्या यंत्राला शंका विचारता येत नाही.

इथे केकी मूसांची आठवण येते. पंजाब मेल येऊन जाईपर्यंत ते एका व्यक्तीची वाट बघत घर उघडं ठेवायचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचं दार एका गाडीपुरतं आणि एका माणसासाठी होतं. आपली सॉफ्टवेअर स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येक उतारूला 'या, बसा' म्हणतात.

आणि दार एकाच बाजूने उघडतं असंही नाही. २०२२ मध्ये क्लॅरोटी या कंपनीच्या संशोधकांनी उलटा प्रकार दाखवला. त्याला त्यांनी 'इव्हिल पीएलसी' नाव दिलं. इंजिनीयर बिघाड काढायला जातो तेव्हा पहिलं काम काय करतो? पीएलसीमधला प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर वाचून घेतो. त्या वाचण्यातही तीच छिद्रं. आधी कुणी पीएलसीमध्ये वाकडा मजकूर पेरून ठेवला, मग मुद्दाम एक छोटा बिघाड केला, की इंजिनीयर येतो, वाचतो, आणि त्याचा लॅपटॉप बाधित होतो. पुढचं सगळं मग तो स्वतःच सॅकमधून घेऊन जातो. त्यांनी सात कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर हे करून दाखवलं. डॉक्टरने नाडी धरावी आणि आजार डॉक्टरला लागावा, पुढे डॉक्टर गावभर फिरावा, असं.

महाराष्ट्रात असं काही झालंय का, हे मला सकाळी सरांनी विचारलं. २७ जून २०१७ ला न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल संगणक बंद पडल्यामुळे ठप्प झालं. ते मार्स्क समूहाकडे होतं. नॉटपेट्या नावाचा तो किडा युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला होता. रायगडातल्या ट्रकवाल्याने युक्रेनचं नावही ऐकलं नसेल, पण तो रांगेत उभा राहिला. तिथेही मूळ तेच, ओळखीच्या हातून आलेली फाईल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, त्याबद्दल मात्र मी जपून बोलते. राज्य सरकारने सायबर हल्ल्याची शक्यता सांगितली, केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणाले. त्या घटनेचा आधार घेऊन तुम्हाला घाबरवणं मला योग्य वाटत नाही.

आपल्या बॅचमध्ये चार जणांचे स्वतःचे कारखाने आहेत, आणि ज्यांची मुलं या क्षेत्रात आहेत असे पुष्कळ. त्यांच्यासाठी बोलते. आपल्या प्रत्येक मशीनची शेवटची, चालू असलेली प्रोजेक्ट फाईल आपल्या ताब्यात हवी, तारीख घालून, दोन ठिकाणी, आणि एक प्रत कपाटात कुलपात. कंत्राटदाराचं बिल देताना 'फाईल दिली का' हे आधी विचारा. मशीन तुमचं आहे तर तिचं डोकंही तुमचंच हवं. प्रत्येक फाईलचा एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात, अंगठ्याच्या ठशासारखा. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो काढायची सोय विंडोजमध्ये फुकट आहे. वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी तीच फाईल म्हणून घेऊन आला तर दोन मिनिटांत कळेल.

बाहेरची फाईल उघडायला एक वेगळा जुना लॅपटॉप ठेवा, नेटवर्कला न जोडलेला, त्यात दुसरं काही नाही. पंधरा-वीस हजारांत सेकंडहँड येतो. एका दिवसाच्या बंद उत्पादनाशी ताडून बघा. सॉफ्टवेअर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका. 'विंडोज अपडेट केलं तर स्काडा बंद पडेल' हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे, म्हणून तर तो संगणक इंटरनेटपासून लांब ठेवायचा. त्यावर यूट्यूब लावून गाणी ऐकायची नाहीत.

आणि चावी. अनेक पीएलसींवर एक खरीखुरी चावी असते, रन, प्रोग्राम अशा जागांची. रनवर ठेवून चावी काढून घेतली तर बाहेरून प्रोग्राम बदलता येत नाही किंवा फार अवघड जातं. माझ्या अनुभवात निम्म्या ठिकाणी ती प्रोग्रामवर ठेवून वर धूळ बसलेली असते, कारण 'परत परत कोण फिरवणार'. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षायंत्रणेच्याच कंट्रोलरमध्ये घुसखोरी झाली. कारखाना आपोआप बंद पडला म्हणून ती उघडकीला आली. तिथेही चावी प्रोग्रामवर होती. आणि घुसखोरांच्या फाईलचं नाव काय होतं? ट्रायलॉग. त्या कंट्रोलरच्या नोंदी बघायच्या सॉफ्टवेअरसारखं, अगदी घरातलं नाव.

काही घडलंच तर लपवू नका. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची खबर लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यायची असते. आपल्याकडे मालक पहिले सहा तास 'हे बाहेर जाता कामा नये' असं बजावण्यात घालवतात. आणि पोरांवर ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, एवढाच फरक पडतो.

त्या जुन्या ऑपरेटरांबद्दल काही जणांनी विचारलं. ते आता घरी असतात. कारखान्याने नंतर नवा मोठा पडदा बसवला आणि जागा कमी पडते म्हणून ते काट्याचं गेज काढायचं ठरवलं होतं. मी माझ्या अहवालात पहिला मुद्दा लिहिला तो हाच, की गेज काढू नये. गेल्या दिवाळीत जाऊन आले. गेज तिथेच आहे, काच पुसलेली आहे.

शेवटी एक कामाचं. समिती आजचे फोटो आणि जुने वर्गाचे फोटो पेनड्राईव्हवर सगळ्यांना देणार आहे असं कळलं. चहाच्या टेबलामागे त्या पेनड्राईव्हचा ढीग मी पाहिला, आणि एकच लॅपटॉप त्यात एकामागून एक लावतोय, तोही स्टुडिओतून मागून आणलेला. मी अध्यक्षांशी बोलले आहे. माझा रिकामा लॅपटॉप गाडीत आहे, तो आणते. फोटो त्यावरून भरू. अर्धा तास जास्त लागेल, तोवर ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी तिथेच या.